तळ्याचा दावा

12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात एक दावा दाखल झाला. वादी होते महाडमधले काही सवर्ण हिंदू, प्रतिवादी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. वादींचे म्हणणे थोडक्यात असे होते: चवदार तळे आमच्या मालकीचे आहे, त्याचे पाणी वापरण्याचा हक्क आमचा आहे, अस्पृश्यांनी तिथे कधी पाणी भरलेले नाही, तेव्हा त्यांनी यापुढेही तळ्यावर येऊ नये, अशी ताकीद कोर्टाने द्यावी. 14 डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघालाही. अस्पृश्यांच्या सत्याग्रह परिषदेची तारीख ठरली होती 25 डिसेंबर.

न्याय हा शब्द मराठी माणूस आदराने उच्चारतो, आणि उच्चारताना त्याला बहुधा रामशास्त्री प्रभुणे आठवतात. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, ती नारायणरावांचे काका रघुनाथराव यांच्यापाशी येऊन थांबली. या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांच्या तोंडावर सांगून शास्त्री पुणे सोडून वाईकडे निघून गेले, अशी हकीकत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती शिक्षा कधीच अमलात आली नाही. तरीही लोकांनी शास्त्र्यांचे नाव जपले, 1944 साली ‘प्रभात’ने त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि आजही निःस्पृह न्यायाधीशाला रामशास्त्री बाण्याचा म्हणतात. सत्ताधीशालाही सामान्य माणसाचाच नियम लागू होतो, हे त्यांनी दाखवून दिले. ही थोर गोष्ट आहे आणि तिचा अभिमान वाटायलाच हवा.

पण न्यायाची ती अर्धीच गोष्ट आहे. नियम सगळ्यांना सारखा लावला जातो का, हा एक प्रश्न. तो नियम मुळात रास्त आहे का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाची मराठी मुलखातली सर्वांत कसून झालेली तपासणी पाहायची असेल, तर महाडच्या त्या दिवाणी दाव्याकडे जावे लागते. चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. त्यामागून नऊ वर्षांहून अधिक काळ चाललेला दावा मात्र फारसा कोणाला आठवत नाही.

आधी जुन्या न्यायाची रीत पाहिली पाहिजे, कारण वादींचा सगळा युक्तिवाद तिच्यातून आला होता. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. दोन्ही पक्ष आपापला करीना, म्हणजे आपली हकीकत, लिहून देत, होईल तो निवाडा मानू असा राजीनामा देत, जामीन देत. पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन आणि बलुतेदार साक्षीला येत. पाटीलकी कोणाची हे ठरवताना विचारले जाई, की पोळ्याला कोणाचा बैल आधी निघतो, होळीला पोळी कोणाची आधी पडते, टिळा-विडा पहिल्यांदा कोणाला मिळतो. साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर दिव्य करावे लागे. मग निर्णयाचा साक्षींसह लेख, म्हणजे महजर, होई, जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे, हरणारा येजितखत लिहून आपली हार कबूल करी. वि. त्रिं. गुणे यांनी 1953 साली डेक्कन कॉलेजकडून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही सगळी व्यवस्था दफ्तरातल्या कागदांवरून उभी केली आहे.

त्या व्यवस्थेत शहाणपण होते, गावाच्या तोंडासमोर खोटे बोलण्याची भीती होती. तिचा पाया होता वहिवाट. जे चालत आले ते सिद्ध करा, ते तुमचे. न्याय करणे म्हणजे घडी विस्कटली असेल तिथे ती पूर्ववत बसवणे. त्या घडीत खाली दबलेल्याला काय वाटते, हा प्रश्न गोतसभेपुढे येण्याचे कारणच नव्हते. आणि तरीही याच गावगाड्यात शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. गावाची हद्द कुठून कुठे जाते हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसे. महजराच्या तळाशी पाटलाच्या नांगराच्या निशाणीबरोबर महाराचीही साक्ष पडे. ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरत होती, त्याला गावच्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता. यातली विसंगती गावाला कधी खुपली नाही. वहिवाटीची ताकद ती हीच.

1923 साली ही घडी कायद्याच्या बाजूने हलू लागली. 4 ऑगस्टला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला आणि तो संमत झाला: सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टकचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. जानेवारी 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे नगरपालिकेतले ठरावाचे खंबीर पाठीराखे होते. ठराव कागदावर उत्तम होता. तळ्यावर मात्र तीन वर्षे कोणी अस्पृश्य पाण्याला गेला नाही, कारण जाण्याचे परिणाम काय होतील हे सर्वांना माहीत होते.

मार्च 1927 मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. 20 तारखेला आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे शिस्तीने तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. काही तासांतच अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, जेवत बसलेल्या लोकांवर लाठ्या चालल्या, परतणाऱ्यांना वाटेत गाठून मारले गेले. त्यानंतर पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे शुद्ध करून घेण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. आंबेडकरांनी उत्तर म्हणून डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला, आणि त्याला शह म्हणून आला तो हा दावा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. लाठी चालवणाऱ्यांनी आणि दावा लावणाऱ्यांनी एकच गोष्ट दोन भाषांत मागितली होती. पहिली भाषा उघड गुन्ह्याची होती आणि तिला शिक्षाही झाली. दुसरी भाषा कायद्याची होती, सभ्य होती, आणि तिला ताबडतोब मनाई हुकूम मिळाला.

डिसेंबरच्या परिषदेला मांडव घालायला कोणी जागा देईना. शेवटी फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. आंबेडकर मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तिथून चालत महाडला आले. पहिल्याच भाषणात त्यांनी 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेची आठवण दिली. तळ्याचे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही, इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला आपण आलो आहोत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्याच रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांच्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. पुढचा प्रश्न होता मनाई हुकमाचा. मांडवात हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने बसली होती. जिल्ह्याचे कलेक्टर येऊन समजावून गेले, तरी लोक मागे हटायला तयार नव्हते.

आणि इथे आंबेडकरांनी लोकांना थांबवले.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. चाळीस वर्षांपूर्वी याच मुंबई इलाख्यात रखमाबाईंनी नेमके उलटे पाऊल उचलले होते. अकराव्या वर्षी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम मार्च 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने दिला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करीन असे कळवले. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले, त्या विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. त्यांचा बाणेदारपणा निर्विवाद आहे. मग बॅरिस्टर आंबेडकरांनी हुकूम का मानला? ज्याच्याजवळ जमीन नाही, पैसा नाही, गावात मत नाही, अशा समाजाला कायद्याशिवाय दुसरे हत्यार नव्हते, हे त्यांना इतर कोणापेक्षाही अधिक उमगले होते. आपला झगडा स्पृश्यांशी आहे. सरकारलाही शत्रू करून ठेवले तर ते स्पृश्यांच्याच पथ्यावर पडेल, हा त्यांचा हिशेब होता. 27 डिसेंबरला लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली. पाण्याला कोणी हात लावला नाही. समोर पाणी असताना हजारो माणसांनी हात आवरून एक फेरी घातली आणि ती परत फिरली. भारतीय कोर्टांना त्यांच्या इतिहासात एवढा मोठा मान क्वचितच कोणी दिला असेल. तो दिला ज्यांना कोर्टाकडून अजून काहीच मिळाले नव्हते त्यांनी.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण अनुभवातून आली आहे, पण ती ज्याचे कोर्टाबाहेर भागते त्याच्यासाठी आहे. चवदार तळ्याच्या प्रतिवादींचे कोर्टाबाहेर भागणारे नव्हते. फेब्रुवारी 1928 मध्ये मनाई हुकूम उठला. साक्षीपुरावे झाले. 1931 साली महाडच्या कोर्टाचा निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. वादी अपिलात ठाण्याला गेले, 1933 साली तिथेही हरले, आणि मग मुंबई हायकोर्टात आले. 17 मार्च 1937 रोजी हायकोर्टाने अपील फेटाळले. 20 मार्च 1927 ला प्यायलेल्या पाण्याचा अंतिम निकाल लागायला तीन दिवस कमी दहा वर्षे लागली.

या दहा वर्षांत काय काय घडले! गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला. ऑक्टोबर 1935 मध्ये येवल्याला आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. 1937 च्या फेब्रुवारीत त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष निवडून येऊन मुंबईच्या विधिमंडळात बसायला निघाला होता. हिंदूंच्या तळ्यावर तुमचा हक्क आहे, असे कोर्टाने सांगितले तेव्हा प्रतिवादीने तो धर्मच सोडायचे ठरवून दीड वर्ष होत आले होते. उशिरा मिळालेल्या निकालाची किंमत किती, याचे याहून बोलके उदाहरण शोधायला नको.

हायकोर्टातले निकालपत्र न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचे. मार्च 1922 मध्ये अहमदाबादला महात्मा गांधींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा अत्यंत आदराने सुनावणारे न्यायाधीश तेच. त्यांच्याबरोबर न्यायमूर्ती वाडिया बसले होते. निकालपत्र लांब नाही, भाषा संयत आहे, आणि ते वाचताना न्याय या कल्पनेचा सांधा नेमका कुठे निखळतो ते दिसते. तळे चार-पाच एकरांचे. भोवती नगरपालिकेचे रस्ते. रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची आणि काही मुसलमानांची घरे. मालकीचा दावा टिकला नाही. तळे नगरपालिकेचे ठरले. उरला रूढीचा मुद्दा. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे का? तसे वादींना शाबीत करता आले नाही. म्हणून अपील फेटाळले.

न्यायमूर्तींनी त्याला जोडून आणखी एक गोष्ट नोंदवली. रूढी शाबीत झाली असती, तर ती गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे का, याचा विचार कदाचित करावा लागला असता. पण काटेकोरपणे पाहता खालच्या कोर्टांत तो मुद्दा मांडलाच गेला नव्हता.

हे पुन्हा एकदा वाचावे. माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे अन्यायाचे आहे, असे देशातल्या एका थोर कोर्टाने या दाव्यात म्हटले नाही. ती प्रथा पुरेशी जुनी असल्याचा पुरावा नाही, एवढेच म्हटले. वादींच्या हाती शिवकालातला एखादा महजर लागला असता, ‘तळियावर महार-चांभारांनी येऊ नये ऐसे पूर्वापार चालत आले’ अशा मजकुराचा, तर पुढे काय झाले असते हा प्रश्न तसाच अधांतरी राहिला. कोर्टाला दोष देण्यात अर्थ नाही. समोर मांडलेल्या मुद्द्यांपुरतेच बोलणे ही न्यायाधीशाची शिस्त आहे, आणि ती सुटली तर कोणीच सुरक्षित राहणार नाही. पण निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागूनही अन्याय हा शब्द त्यात आला नाही, ही गोष्ट खरीच राहते. आंबेडकर जिंकले ते वहिवाटीच्या मैदानावर, वहिवाटीच्या नियमांनी. वहिवाट मात्र हरली नव्हती.

ती हरवायला दुसरे मैदान लागले. संविधानाच्या उद्देशिकेत नागरिकांना द्यायच्या गोष्टींत पहिले नाव न्यायाचे आहे, आणि तो सामाजिक, आर्थिक व राजनैतिक अशा तिन्ही परींनी मागितला आहे. स्वातंत्र्य, समता, बंधुता त्याच्या नंतर येतात. आंबेडकरांनी आपल्या लेखनात न्याय हे याच तिन्हींचे दुसरे नाव आहे, ही व्याख्या स्वीकारली होती. त्यामुळे हा क्रम वाचताना महाडची वाट आठवल्याशिवाय राहत नाही. अस्पृश्यता नष्ट करणारा अनुच्छेद संविधान सभेत 29 नोव्हेंबर 1948 रोजी मंजूर झाला. तो आजचा अनुच्छेद 17. अनुच्छेद 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही नावे सरळ घेतली आहेत. जगातल्या फार थोड्या संविधानांना आपल्या मूलभूत हक्कांत विहीर आणि तलाव लिहून ठेवावेसे वाटले असेल.

पण महाडच्या दाव्याचे सर्वांत थेट उत्तर आहे ते अनुच्छेद 13 मध्ये, आणि त्याची चर्चा फार कमी होते. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा शून्यवत ठरतो, असे तो अनुच्छेद सांगतो आणि ‘कायदा’ म्हणजे काय याच्या व्याख्येत कायद्याचे बळ असलेली रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश करतो. ब्रूमफील्ड यांनी न सोडवलेली गाठ इथे सुटली. 26 जानेवारी 1950 नंतर कोणी कितीही जुना महजर घेऊन आला, प्रथा हजार वर्षांची असल्याचे सिद्ध केले, तरी तो पुरावा माणसाच्या समतेपुढे निरुपयोगी आहे. जे चालत आले ते रास्त आहे का, हे विचारायचा अधिकार गोतसभेपुढे उभ्या राहिलेल्या कोणालाही नव्हता. तो आता प्रत्येकाला आहे.

म्हणून काम संपले असे मात्र नाही. वहिवाट कायद्याच्या पुस्तकातून जाते आणि न्यायाधीशांच्या मनात, पोलीस ठाण्यात, गावच्या बोलण्यात मुक्काम करते. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिले, कारण अंगावर खुणा नव्हत्या आणि आरडाओरड झाल्याचे दिसत नव्हते. सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठाण्याच्या चार भिंतींत वर्दीतल्या माणसांसमोर एक गरीब मुलगी ओरडली नाही, याला संमती कसे म्हणता, असा त्यांचा सवाल होता. देशभर बायका रस्त्यावर आल्या. 1983 साली कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर कोर्टाने तसेच गृहीत धरावे. त्या मुलीच्या निकालात त्याने काही फरक पडला नाही. तिच्यानंतर आलेल्यांच्या निकालांत पडला.

पाण्याचेही तसेच झाले. अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा 1955 मध्ये आला, अत्याचार प्रतिबंधाचा 1989 मध्ये. 2015 साली संसदेला त्यात दुरुस्ती करून लिहावे लागले, की अनुसूचित जातीजमातीच्या माणसाला नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, टाकी, नळ किंवा कोणताही पाणवठा वापरू न देणे हा गुन्हा आहे. महाडनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी यादीत नळ घालावा लागतो, याचा अर्थ अडवणारे अजून आहेत आणि त्यांच्याजवळ अजूनही वहिवाटीचाच आधार आहे.

दरवर्षी 20 मार्चला हजारो लोक महाडला जातात, तळ्यापाशी उभे राहतात. त्यांनी जावेच, आणि जे कधी गेले नाहीत त्यांनीही एकदा जावे. जाण्याआधी 17 मार्च 1937 चे निकालपत्र मात्र काढून वाचावे. ते थोडक्यात आहे, तासाभरात वाचून होते. मग अनुच्छेद 13 उघडावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. आपल्या घरात, गावात, कचेरीत आजवर असेच चालत आले आहे म्हणून जे जे चालू आहे, त्याची तपासणी तिथून सुरू करता येईल.